खाली बसलेला डोळा

माझ्या मुलाचा डावा डोळा ग्वाल्हेरातल्या माधवगंजमधल्या आमच्या घरमालकांमुळे, म्हणजे सरांमुळे वाचला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, चष्मा दिला, त्यांचे उपकार आहेतच. पण दवाखान्याच्या दारापर्यंत आम्हाला नेलं ते सरांनी, आणि दवाखान्यातून परत आल्यावर घरात जो खरा तमाशा सुरू झाला तो निभावून नेला तोही सरांनीच. म्हणून आधी सर, मग बाकीचं.

सर कॉलेजातून रिटायर झालेले, प्राणिशास्त्राचे प्रोफेसर. बायको वारलेली, मुलगा बंगळूरला. घरात ते आणि एक बदक. गल्लीत त्यांना 'बत्तखवाले प्रोफेसर' म्हणत. त्यांचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आलेले. त्यामुळे घरात मराठी, पण अशी मराठी की मला पहिला महिनाभर निम्मीच कळायची.

मी सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातली. आमच्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायच्या कामात, सगळ्या देशभर पांगलेली आहेत. आमचे हे लष्करात सराफ्यात एका गलाईच्या दुकानात कामाला होते. लष्कर हे ग्वाल्हेरातल्या जुन्या वस्तीचं नाव. माझ्या माहेरी मात्र बरेच दिवस समज होता की जावई फौजेत लागलाय, आणि आईनं तो कुणाला दुरुस्त करू दिला नाही. मी आठवीतून शाळा सोडलेली. तिथं हिंदी बोलताना घाबरायचे, भाजीवाल्याला घाबरायचे, दारावरची बेल वाजली तरी आधी फटीतून बघायचे. कडेवर बाळू. नाव बाळकृष्ण, पण गल्लीतल्या पोरांनी बाळूचं बालू आणि बालूचं भालू करून टाकलं होतं.

पहिल्याच दिवशी सरांनी घर दाखवलं. नळ कुठे, मीटर कुठे, गच्चीची किल्ली कुठे टांगायची. मग अंगणात एका चीर गेलेल्या निळ्या बादलीपुढे थांबले.

"या बादलीला मात्र हात नाही लावायचा, बेटा."

"का, सर?"

"ती त्याची आई आहे."

त्यांनी नळाकडे बोट केलं. तिथं एक पांढरं बदक मान वाकडी करून आमच्याकडे बघत होतं.

गोष्ट अशी की सरांनी बल्बच्या उबेवर अंडं उबवलं होतं. बदकाचं पिल्लू बाहेर आल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत जे हलतं-चालतं दिसेल त्याला आई मानतं, आणि मग जन्मभर सोडत नाही. सरांना गल्लीतल्या पोरांना हे दाखवायचं होतं. पिल्लू आपल्या मागे चालेल, या थाटात ते दिवसभर अंड्यापाशी बसून राहिले. नेमके चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात अंडं फुटलं आणि झाडूवाली बाई निळी बादली घेऊन अंगणातून गेली. झालं. बदक बादलीचं झालं. बादली हलवली की ते मागे, बादली ठेवली की शेजारी बसून. बादलीला चीर गेली तरी सर ती टाकू देईनात. "मी तिच्याहून जास्त शिकलेला आहे," ते म्हणायचे, "पण टाइमवर ती पोचली."

हा 'टाइम' म्हणजे सरांचं वेड. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक जिवाच्या वाढीत काही थोडे दिवस असे येतात की तेव्हा जे पडेल ते आत रुजतं, आणि ते दिवस गेले की मग डोकं आपटलं तरी आत जात नाही. काही पक्ष्यांच्या पिल्लांनी बापाचं गाणं लहानपणी ऐकलं नाही तर मोठेपणी ती नुसती चिरचिरतात. काही गव्हाला कोवळेपणी थंडी लागली नाही तर त्याला ओंबीच धरत नाही. तान्ह्या मुलाला जगातले सगळे उच्चार वेगवेगळे ऐकू येतात, पण जे कानावर पडत नाहीत ते हळूहळू गळून जातात.

"पक्षीवाले आपल्या खोलीत, डोळेवाले आपल्या, भाषावाले आपल्या," सर म्हणायचे. "सगळे एकच वस्तू शोधून राहिले आहेत आणि प्रत्येकानं नाव निराळं ठेवलं आहे. कोणी कोणाचं दार वाजवत नाही, भई."

हे ते मला सांगायचे. मी मेथी निवडत असायचे. दुसरं ऐकणारं कुणी नव्हतं, आणि मलाही दिवसभर बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

एकदा मी म्हटलं, "म्हणजे वापसाच की."

"काय?"

"वापसा. पाऊस पडल्या पडल्या पेरता येत नाही, चिखल असतो. फार थांबलं तर जमीन आवळते. मधे थोडे दिवस माती अशी होते की मूठ करावी तर वळते आणि सोडावी तर सुटते. तेव्हाच पेरायचं."

सरांनी तो शब्द तोंडात घोळवला. वापसा, वापसा. मान हलवत आत गेले. दुसऱ्या दिवशी मी दूध तापवत होते तर दारात उभे.

"बेटा, तुझा शब्द सुंदर आहे, पण पूर्ण नाही बसत. वापसा पुन्हा येतो ना?"

"येतो की. पुढच्या पावसानंतर."

"हां. बदकाचा नाही येत. म्हणजे दोन जाती करायला लागतील. परत येणारे आणि परत न येणारे." आणि चहा न घेताच गेले.

त्यांना ही गंमत वाटायची. मला धास्ती बसली. बाळूचं काय काय निसटून चाललं असेल, या विचारानं मी त्याला दिवसभर ओव्या ऐकवायला लागले. ह्यांनी एकदा डबा नेताना विचारलंही, "झोप पोराला येत नाही का तुला?"

सरांची दुसरी तऱ्हा म्हणजे 'ळ'ची जकात. ग्वाल्हेरात वाढलेल्या मराठी पोरांच्या तोंडून ळ निघत नाही. शाळा, गल्ली, सगळं हिंदी. त्यांची शाला असते, त्यांना केला आवडतो. सरांचे स्वतःचे नातू फोनवर 'आजोबा, दिवाली' म्हणायचे तेव्हा सर फोन कानापासून लांब धरायचे. म्हणून फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक मराठी पोरानं आधी 'बाळाच्या डोळ्यात काळं काजळ' म्हणायचं. बरोबर आलं तर गजकेचा तुकडा. गजक म्हणजे आपल्याकडची तिळाची वडी, पण इतकी खुसखुशीत की दाताला लागायच्या आत विरते. चुकलं तरी तुकडा मिळायचा, फक्त छोटा.

बाळू तेव्हा पाच वर्षांचा. जकात द्यायला त्याला फार आवडे, कारण दिवसातून कितीही वेळा फाटकातून आत-बाहेर करता यायचं.

त्या दिवशी सर ओट्यावर बसले होते. बाळूनं नाटकीपणानं उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाला, "बालाच्या डोल्यात कालं काजल."

"एकही नाही," सर म्हणाले. "चारपैकी शून्य. हा घे छोटा."

बाळूनं डोळ्यावरचा हात तसाच ठेवून दुसरा हात पुढे केला, आणि गजक सोडून हवा पकडली. हसला. पुन्हा पकडली, पुन्हा हवा. सरांचं हसणं थांबलं. त्यांनी तुकडा थोडा बाजूला नेला. बाळू जिथं तुकडा आधी होता तिथंच चाचपत राहिला.

"राजे, आता दुसरा डोळा झाका."

दुसरा झाकल्यावर बाळूनं तुकडा पटकन उचलला आणि पळाला.

सर माझ्याकडे वळले. "बेटा, याचा डावा डोळा खाली बसून राहिला आहे." एवढंच म्हणाले आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून आत गेले.

डोळा खाली बसलाय. घरं खाली बसतात, पिठाचा गोळा खाली बसतो. डोळा कसा बसला, कधी बसला, मला आईला कसं दिसलं नाही? मी बाळूला दाराच्या चौकटीला टेकवून उभा केला, ह्यांची दुकानातली स्टीलची पट्टी घेतली आणि दोन्ही डोळ्यांखाली आडवी धरून बघितलं. कधी डावा खाली वाटे, कधी उजवा. बाळू गुदगुल्या होतात म्हणून हालायचा. मग मोबाइलवर फोटो काढले, मोठे करून बघितले. पट्टी पुन्हा. सासूबाईंना फोन लावला.

त्या म्हणाल्या, "आगं, पोराचा डोळा जरासा तिरवा हाय, ते मला बारशालाच दिसलंय. तिरवा डोळा भाग्याचा असतोय. तुझ्या मामंजींचा न्हवता का? त्यांनीच तर धंदा काढला."

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "सरांचं काय घेऊन बसलीस. त्यांचं बदक बादलीला आई म्हणतंय."

सकाळी मी पट्टी घेऊनच सरांकडे गेले. "सर, मी मोजलं. दोन्ही एका रेषेत आहेत. खाली नाही बसलेला."

सरांनी पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग त्यांना असं हसू आलं की खुर्चीचा हात धरावा लागला. मी रडकुंडीला आलेली पाहून एकदम थांबले.

"खाली म्हणजे रिकामा, बेटा. हिंदीतला खाली. बेकार. आमची मराठी अशीच बिघडलेली आहे, माफ कर." मग त्यांनी मला समोर बसवलं. "डोळा जागेवरच आहे. पण बहुतेक त्याचा नंबर मोठा आहे, चित्र धूसर येतं. मेंदूला धूसर नको असतं. त्यानं सगळं काम उजव्याला देऊन टाकलं आणि डाव्याला सांगितलं, तू बैस. तो बसून राहिला आहे."

"आणि असाच बसून राहिला तर?"

"तर मग मोठेपणी त्याला कितीही भारी चष्मा लावा, त्याला काम करणं येतच नाही. शिकायचा टाइम निघून गेलेला असतो."

"हा परत येणारा आहे, सर, की..."

सर उठून चप्पल शोधायला लागले. "नाही येत. पण अजून गेलेला पण नाही. चल, बाळूला उचल, मी टेम्पो-रिक्षा थांबवतो."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं, फक्त हळू आवाजात. डाव्याचा नंबर मोठा. चष्मा, आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे आळशाला काम करावंच लागेल. "वक़्त पर ले आए," त्या सरांना म्हणाल्या. "लेकिन अब ढील मत देना. स्कूल में दो-चार क्लास और निकल जाते तो मुश्किल होती."

वेळेत आलो, हे ऐकून मला वाटलं सुटलो. खरं तर तिथून सुरू झालं.

चांगला डोळा झाकल्यावर बाळू दाराला धडकला. ताटातला घास गालाला लावला. "आई, मला आंधलं का केलं?" असं विचारत तो पट्टी ओढून काढायचा. मी लावायची, तो काढायचा. गल्लीतल्या पोरांनी भालू सोडून 'काना राजा', म्हणजे काणा राजा, चालू केलं. बाळू फाटकाबाहेर जाईना. सासूबाई फोनवर म्हणायच्या, पोराला घिऊन ये गावाकडं, तुमी त्याचा दिसता डोळा घालवाल. ह्यांचाही धीर सुटला. "दिसता डोळा झाकायचा आणि न दिसता उघडा ठेवायचा, हे कुठलं औषध गं?" सर सांगायचे तेव्हा पटायचं. बाळू रडायला लागला की काहीच पटायचं नाही.

एका दुपारी त्यानं रडून रडून उलटी केली. मी त्याला मांडीवर घेऊन पट्टीची कड नखानं सोडवत होते. आता पुरे, असं ठरवलंच होतं मी. तेवढ्यात अंगणात काहीतरी आपटलं आणि बदक ओरडलं.

दारात सर. उजव्या डोळ्यावर पट्टी, अगदी बाळूसारखी, वर चष्मा. एक हात भिंतीला. बादलीला अडखळले होते.

"राजे आहेत का घरात? मला चौकापर्यंत जायचं होतं. मला दिसून नाही राहिलं."

मला वाटलं पोराला रिझवायला सोंग आणलंय. "सर, कशाला उगाच," मी म्हटलं.

ते भिंत चाचपत माझ्या दिशेनं थोडे वळले. मी जिथं होते त्याच्या बाजूला बघत बोलले. "सोंग नाही, बेटा. माझा डावा पण खालीच आहे. लहानपणापासून. माझी आई म्हणायची, भाग्याचा. कॉलेजात पहिल्यांदा मायक्रोस्कोपला डावा डोळा लावला तेव्हा मला वाटलं, मशीन खराब आहे. मशीन बदलून मागितली." ते हसले. "आमचे सर म्हणाले, मशीन ठीक आहे. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो."

इतकी वर्षं त्यांनी पिल्लांचे, गव्हाचे, तान्ह्या मुलांचे दाखले दिले होते. हा एक कधी दिला नव्हता.

बाळूचं रडणं थांबलं होतं. "आजोबा, तुम्हाला काहीच नाही दिसत?"

"रंग दिसतात. तू एक पिवळं गाठोडं दिसतोस."

"हा माझा पिवला शर्ट आहे," बाळू म्हणाला, आणि मांडीवरून उतरून त्यानं सरांचा हात धरला.

ती वरात मी कधी विसरणार नाही. पुढे पाच वर्षांचा बाळू, चांगला डोळा झाकलेला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून सर, चांगला डोळा झाकलेला. मागे मी, पदर मुठीत धरून, देवाचं नाव घेत. माधवगंजचा रस्ता, म्हणजे ई-रिक्षा, सांड, हातगाड्या, सगळं एकाच वेळी.

"समोर काय आहे, राजे?"

"गाय."

"जवळ की लांब?"

बाळू थांबला. मान तिरकी केली, डोळा बारीक केला. "जवल."

"जवळ. किती जवळ? मला धडक नाही खायची."

"थांबा ना आजोबा, बघू द्या." आणि तो बघत राहिला. घरात ज्या डोळ्यानं तो ताटसुद्धा बघायला तयार नव्हता, त्या डोळ्यानं तो सबंध रस्ता बघत होता. "ती बसलीये. आपण इकडून जाऊ. आता पायरी आहे. मोठी पायरी."

कोपऱ्यावरच्या कचोरीवाल्यानं हाक मारली, "क्या प्रोफेसर साब, दोनों काने हो गए?"

"काने नहीं भाई, ड्यूटी बदली है," सर म्हणाले. "आज से ये मेरे अफ़सर हैं."

मी जवळ गेले तेव्हा बघितलं, सरांनी बाळूचा खांदा घट्ट धरला होता. प्रत्येक पाऊल ते आधी टेकवून बघत होते. घाबरला होता माणूस. आणि तरी पट्टीला त्यांनी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बाळू स्वतः पट्टी घेऊन माझ्याकडे आला. "लवकर लाव. आजोबांना दिसत नाही, ते धडकतील." त्यानंतर पट्टीवरून आमच्या घरात भांडण झालं नाही. रोज दुपारी दोघं निघायचे. कधी भाजी आणायचे, कधी मंदिरापर्यंत, आणि घरी असले की बाळू त्यांना डाळीतले खडे वेचून दाखवायचा. काना राजा म्हणणारी पोरं आठवड्याभरात अंधा प्रोफेसर कोण नेणार यावरून भांडायला लागली. बाळू कुणाचाच नंबर येऊ देत नव्हता.

दवाखान्यात भिंतीवरचा तक्ता असतो, वर मोठी चित्रं, खाली बारीक होत जाणारी. डाव्या डोळ्यानं बाळूला आधी फक्त सगळ्यात वरचं दिसलं होतं. मग दुसरी ओळ. मग दोन तपासण्यांत काहीच नाही, तेव्हा मला जेवण जाईना. मग एकदम पुढे. शेवटी एकदा तो खालून दुसऱ्या ओळीतलं बदक ओळखून म्हणाला, "ये तो हमारे घर में है," आणि डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, पट्टी बंद, चष्मा तेवढा राहील.

मी बाहेर आले. सर बाकावर डुलक्या घेत होते. मला नुसतं रडू येत होतं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि घाबरले.

"काय झालं? काय म्हणाल्या?"

"बंद म्हणाल्या. पट्टी. दिसतंय त्याला."

"मग रडून कशाला राहिली?" ते म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला. "चल, बेडई खाऊ. मला केव्हाची भूक लागली आहे."

गरम बेडई, म्हणजे डाळीचं सारण भरलेली पुरी, खाताना धीर करून मी विचारलं, "सर, माझी शाळा आठवीत सुटली. ते कुठल्या जातीतलं? परत येणारं की न येणारं?"

त्यांनी तोंडातला घास संपवला. "तुझं बोलणं आता नाही सुधारणार, ते सोड. सांगली जाणार नाही तोंडातून, आणि जाऊ पण देऊ नको. पण दहावीची भूमिती म्हणजे काही डोळा नाही, भई. ती केव्हाही येते. मला तर रिटायर होईपर्यंत स्वयंपाक येत नव्हता."

मी हसले. मग घरी आल्यावर बराच वेळ त्याचाच विचार करत राहिले. आता दहावीचा अभ्यास करते आहे. भूमिती अजून येत नाही, पण यायची बंद झालेली नाही, एवढं मला कळतं.

ह्यांनी गेल्या वर्षी झाशीला स्वतःचं गलाईचं दुकान टाकलं, म्हणून माधवगंज सुटलं. दर रविवारी सरांना फोन असतो. बाळू आधी ळ ऐकवतो. आता चारपैकी चार.

परवा सरांच्या आवाजात काहीतरी वेगळं वाटलं. खोदून विचारलं तेव्हा कळलं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. वर्तमानपत्र वाचता येत नाही. मुलगा ऑपरेशन करून घ्या म्हणतो, सर टाळतायत.

"तुम्हीच टाळायला लागलात तर कसं, सर? साधं ऑपरेशन आहे. सगळे करतात."

"सगळ्यांकडे दोन असतात, बेटा. माझ्याकडे एकच आहे."

"भीती वाटते?"

"बाळूबरोबर पट्टी बांधून फिरायचो ना, तेव्हा माहीत होतं, ही केव्हाही काढता येते."

जे सुचलं ते सांगितलं, आणि तेच इथं लिहून ठेवते. सर, तुम्ही फक्त तारीख घ्या. बाळू आणि मी, आम्ही दोघं येऊ. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून तुमचा डोळा उघडेपर्यंत मी तुमच्यापाशी राहीन, दवाखान्यातही आणि घरातही. तुमच्या वाटचं जेवढं बघायचं असेल, तेवढे दिवस ते मी बघेन.

त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. म्हणतील त्या दिवशी मी निघणार आहे.